ब्लॉक उतरतो त्या रात्रीची तयारी

पत्र:

नमस्कार मॅडम,
माझी आई ६६ वर्षांची आहे, वजन ५४ किलो. पुढच्या महिन्यात तिचा उजवा गुडघा बदलायचं ठरलंय. तिला बरीच वर्षं मधुमेह आहे आणि तीन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलाय, त्यामुळं रक्त पातळ करायची गोळी रोज चालू असते. सर्जन म्हणाले, "कमरेतून भूल देऊ आणि वर एक नर्व्ह ब्लॉक देऊ, म्हणजे नंतरचं दुखणं कमी राहील." तेव्हापासून घरात रोज वाद. आमच्या काकांचं गेल्या वर्षी खांद्याचं ऑपरेशन झालं, त्यांना असाच ब्लॉक दिला होता. संध्याकाळी ते मजेत चहा पीत गप्पा मारत होते आणि रात्री दोन वाजता अक्षरशः ओरडत उठले. बाबा म्हणतात, "ब्लॉक-बिक काही नको, दुखणं नुसतं पुढं ढकलतात आणि बिल वाढवतात." आईला भीती की पाय कायमचा बधिर राहील. शेजारच्या काकू म्हणतात, पाठीत सुई घेतली की कंबर गेलीच समजा. आणि न्यू जर्सीतला भाऊ म्हणतो, तिकडं तीन दिवस टिकणारं इंजेक्शन मिळतं, तेच मागा. कुणाचं ऐकू?
— एक लेक, कराड

उत्तर:

तुमच्या बाबांपासून सुरुवात करते, कारण घरात सगळ्यात जास्त खरं त्यांचंच आहे. ब्लॉक म्हणजे दुखऱ्या भागाच्या मज्जातंतूजवळ दिलेलं बधिर करणारं इंजेक्शन, आणि तो दुखणं पुढं ढकलतो. तेवढंच त्याचं काम. पण ढकललेलं दुखणं परत येतं तेव्हा त्याच्या स्वागताची काय तयारी आहे, यावर सगळं अवलंबून असतं. माझं मत विचाराल तर आईंना ब्लॉक द्यायला सांगा. फक्त काकांची ती रात्र आईंच्या वाट्याला येता कामा नये.

काकांना ब्लॉक चुकीचा दिला होता असं मला वाटत नाही. उलट तो झकास लागला होता, म्हणून तर चहा आणि गप्पा चालल्या होत्या. खांद्यासाठी मानेच्या बाजूला जे इंजेक्शन देतात ते साधारण १२ ते १८ तास टिकतं. सकाळी दहा-अकराला दिलेलं औषध रात्री उशिरा उतरायला लागतं. आता त्या संध्याकाळी वॉर्डात काय होतं बघा. सिस्टर येतात, विचारतात, "काका, दुखतंय का?" काका म्हणतात, "छे, काहीच नाही." केसपेपरवर दुखण्याची गोळी 'एसओएस' लिहिलेली असते, म्हणजे मागितली तर द्यायची. दुखत नाही म्हणून मागितली नाही, मागितली नाही म्हणून दिली नाही. जेवण होतं, दिवे मालवतात. मध्यरात्रीनंतर कधीतरी औषधाचा अंमल ओसरतो आणि अंगात वेदनाशामकाचा कणही नसताना ऑपरेशन झालेलं हाड ठणकायला लागतं. मग सिस्टरना उठवा, त्यांनी डॉक्टरांना फोन करायचा, इंजेक्शन आणायचं, ते लागू पडेपर्यंत आणखी वेळ. तोवर माणूस तळमळतो, आणि घरात पुढची दहा वर्षं 'ब्लॉक फसवा असतो' एवढंच लक्षात राहतं.

आमच्याकडं याला 'रिबाउंड पेन' म्हणतात आणि गेल्या काही वर्षांत त्यावर बराच अभ्यास झालाय. कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या भूलतज्ज्ञांनी ब्लॉक घेऊन त्याच दिवशी घरी गेलेल्या ९७२ रुग्णांची पाहणी २०२१ मध्ये छापली. ब्लॉक चालू असताना दुखणं दहापैकी तीन किंवा त्याहून कमी, आणि २४ तासांच्या आत ते सात किंवा त्याच्याही वर, असा अनुभव ४९.६ टक्के लोकांना आला. म्हणजे जवळजवळ निम्म्यांना. हाडाची शस्त्रक्रिया, कमी वय, स्त्री असणं आणि ऑपरेशनच्या वेळी शिरेतून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड न मिळणं, या चार गोष्टी असतील तिथं तो जास्त दिसला. एवढं होऊनही त्यातले बहुसंख्य रुग्ण समाधानी होते, हे मला आकड्यापेक्षा बोलकं वाटतं. ब्लॉकमुळं दुखणं मुळात होतं त्यापेक्षा वाढतं, की झाकलेलं फक्त उघडं पडतं, यावर तज्ज्ञांमध्ये एकमत नाही. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. वॉर्डात तळमळणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या केसपेपरवर गोळी लिहिलेली असते आणि पोटात गेलेली नसते.

तेव्हा आईंचा हिशेब असा मांडा. समजा सकाळी नऊला ऑपरेशन सुरू झालं. कमरेतली भूल दुपारी बारा-एकच्या सुमारास उतरायला लागेल, पायाची बोटं हलायला लागतील. मांडीत दिलेला ब्लॉक रात्री नऊपासून पहाटेपर्यंत कधीही विरेल. मधल्या वेळात आईंना छान वाटत असेल, आणि नेमक्या त्याच वेळात गोळ्या सुरू झालेल्या असायला हव्यात. घड्याळ बघून, दुखो न दुखो. रात्री त्या गाढ झोपल्या असतील तर 'कशाला उठवायचं' असं वाटेल. उठवा, गोळी द्या, परत झोपू द्या. जो कुणी रात्री खोलीत थांबणार असेल त्याला हे नीट समजावून ठेवा. बाबाच थांबणार असतील तर फारच बरं, दुखणं येणार हे त्यांना आधीपासून ठाऊक आहे.

गोळ्यांबद्दल दोन गोष्टी इथंच सांगते, कारण घरी गेल्यावर घोळ यांचाच होतो. पाया असतो पॅरासिटामॉलचा, ठरलेल्या तासांनी. पण आपल्याकडं दुकानात मिळणाऱ्या अर्ध्याअधिक दुखण्याच्या गोळ्या जोडगोळ्या असतात. एसिक्लोफिनॅकबरोबर पॅरासिटामॉल, ट्रॅमाडॉलबरोबर पॅरासिटामॉल. नावं वेगळी, पाकिटं वेगळी, आणि आत पॅरासिटामॉल दोन्हीकडं. प्रौढ माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर ते जाता कामा नये. आईंचं वय आणि वजन बघता त्यांची मर्यादा डॉक्टर याहून कमीच ठरवतील. डिस्चार्जच्या दिवशी सगळी पाकिटं समोर ठेवून मागचं बारीक अक्षर वाचा आणि एकाच औषधाची दोनदा भर पडत नाही ना, हे विचारून घ्या. दुसरं, डायक्लोफिनॅकच्या जातीच्या गोळ्या. गुडघ्याला त्यांचा चांगला उपयोग होतो, पण आईंना मधुमेह आहे आणि हृदयाचं दुखणंही झालेलं आहे. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, बघितल्याशिवाय आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या सुरू करू नयेत. आणि ट्रॅमाडॉल लिहून दिलं तर घाबरू नका, ते वेळप्रसंगी लागतं. मात्र त्यानं मळमळ होते, गरगरतं, आणि नवा गुडघा घेऊन बाथरूमकडं निघालेल्या बाईला गरगरणं परवडत नाही.

आता प्रत्यक्ष ब्लॉक कसा देतात ते बघू. आईंची भीती समोर काय घडणार हे कळलं की निम्मी कमी होईल.

गुडघ्यासाठी हल्ली बहुतेक ठिकाणी 'अडक्टर कॅनाल ब्लॉक' देतात. मांडीच्या आतल्या बाजूला, साधारण मधोमध, सोनोग्राफीचा प्रोब ठेवतात. पडद्यावर एक गोल काळी रक्तवाहिनी ठक-ठक उडताना दिसते, तिच्यावर होडीच्या आकाराचा स्नायू, आणि वाहिनीच्या कडेला पांढरट ठिपक्यासारखा मज्जातंतू. सुई एका बाजूनं आत येते ती चकाकत्या रेघेसारखी दिसते. टोक जागेवर पोचलं की आधी थोडंसं पाणी सोडतात. काळा डाग मज्जातंतूभोवती पसरला की जागा बरोबर. मग १५-२० मिली औषध, थांबत थांबत, दर थोड्या वेळानं सिरिंज मागं ओढून रक्त येत नाही ना हे बघत. सुई मज्जातंतूत खुपसत नाहीत, त्याच्या शेजारी औषधाचं तळं करतात. औषध तंतूतल्या सोडियमच्या वाटा काही तास बंद ठेवतं, त्यामुळं दुखल्याची खबर मेंदूपर्यंत पोचत नाही. पाच-दहा मिनिटांचं काम. कमरेतली भूल आधी दिलेली असेल तर आईंना सुई कळणारही नाही.

पूर्वी हे अंदाजानं चालायचं. हाडाच्या खुणा चाचपायच्या, सुई सरकवायची, विजेच्या बारीक झटक्यानं स्नायू थरथरला की औषध सोडायचं. १९९४ मध्ये व्हिएन्नाच्या भूलतज्ज्ञांनी सुई सोनोग्राफीत बघत हाताचा ब्लॉक दिला आणि हळूहळू सगळीकडं तीच रीत रुजली. आपल्याकडं मात्र एक वेगळीच आडकाठी आहे. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते, आणि चार हॉस्पिटलं फिरणाऱ्या भूलतज्ज्ञाला स्वतःचं मशीन पिशवीत घालून बरोबर नेता येत नाही. कायद्याची गरज मला मान्य आहे, मुलींची संख्या ज्या राज्यात एवढी घसरली होती तिथं तर आहेच. पण म्हणूनच हे विचारणं रास्त ठरतं: "ब्लॉक सोनोग्राफीत बघून देणार का? मशीन ऑपरेशन थिएटरमध्ये आहे का?" सोनोग्राफीमुळं औषध चुकून रक्तवाहिनीत जाण्याचा धोका कमी होतो. मज्जातंतूला होणारी कायमची इजा त्यामुळं घटली, असं मात्र अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही.

कायमच्या इजेचा प्रश्न आईंचा, आणि तो महत्त्वाचा. ब्लॉकनंतर काही दिवस-आठवडे मुंग्या येणं किंवा एखादा पट्टा बधिर राहणं शंभरात काही जणांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप जातं. दीर्घकाळ टिकणारी इजा दहा हजारांत दोन ते चार जणांना होते, असं मोठ्या पाहण्यांमधून दिसतं. शून्य नाही. पण आईंना अजून एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी ब्लॉकच्या नावानं बोटं मोडली जातील. गुडघ्यावर उभा छेद घेतात तेव्हा कातडीकडं जाणारी एक बारीक मज्जातंतूची फांदी बहुधा कापली जाते. त्यामुळं टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग बधिर राहतो, कित्येकांचा कायमचा. तो छेदाचा परिणाम आहे, ब्लॉक घेतला नाही तरी होतो. चालण्यावर त्याचा परिणाम नाही. गुडघे टेकून बसलं तर मात्र विचित्र लागतं.

मधुमेह असलेल्यांचे मज्जातंतू आधीच थोडे दुबळे असतात. त्यांच्यात ब्लॉक जास्त वेळ टिकू शकतो आणि इजेची शक्यता किंचित जास्त धरावी लागते. म्हणून आईंच्या तळपायांना आत्ताच जळजळ, मुंग्या, चप्पल निसटल्याचं न कळणं असं काही होत असेल तर ते भूलतज्ज्ञांना सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्यायला लावा. आधी काय होतं आणि नंतर काय झालं, यात गल्लत राहत नाही.

डेक्सामेथासोनचा उल्लेख वर आला. हे स्टेरॉइड आहे हे ऐकून मधुमेहाच्या घरात धस्स होतं. एक डोस ऑपरेशनच्या वेळी दिला तर ब्लॉक लांबतो. जगभरातल्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात औषध मज्जातंतूजवळ दिलं काय आणि शिरेतून दिलं काय, बधिरपणा सुमारे सहा ते सात तासांनी वाढलेला दिसला. शिवाय उलट्याही कमी होतात. साखर त्या दिवशी चढते, हे खरं. ती मोजत राहायची आणि इन्सुलिननं सांभाळायची. जखम चिघळेल ही भीती मात्र मोठ्या चाचणीत खरी ठरली नाही. ऑस्ट्रेलियातून चालवलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८,८८० रुग्ण होते, त्यात मधुमेहीही होते, आणि ८ मिलिग्रॅमच्या एका डोसानं जखमेतला जंतुसंसर्ग वाढला नाही. तरी आईंची तीन महिन्यांची साखर फार चढलेली असेल तर भूलतज्ज्ञ ते टाळतीलही. निर्णय त्यांचा.

भूलतज्ज्ञांना आईंचं वजन नक्की सांगा, आत्ता काट्यावर बघून. कारण हल्ली सर्जनही गुडघा शिवण्याआधी सांध्याभोवती तेच बधिर करणारं औषध टोचतात. ही पद्धत चांगली आहे. ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर शिफारशी करणाऱ्या युरोपातल्या 'प्रॉस्पेक्ट' गटाच्या २०२२ च्या शिफारशींमध्ये गुडघेबदलासाठी एकदाच दिलेला अडक्टर कॅनाल ब्लॉक आणि सांध्याभोवतीचं इंजेक्शन, दोन्ही आहेत. पण दोघी जावांनी एकमेकींना न विचारता एकाच भाजीत मीठ घालावं तसं व्हायला नको. रोपिव्हॅकेन या बधिर करणाऱ्या औषधाची रूढ मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे आईंसाठी १६२. ही दोघांची मिळून बेरीज आहे. औषध रक्तात जास्त गेलं तर जीभ बधिर होते, कानात आवाज येतो, झटके येऊ शकतात, क्वचित हृदयावर परिणाम होतो. त्यावर उताराही आहे: २० टक्क्यांचं लिपिड, दुधासारखं पांढरं सलाईन. शिकागोत १९९८ मध्ये ते उंदरांवर उपयोगी पडल्याचं दिसलं आणि २००६ मध्ये माणसावर वापरल्याची पहिली हकीगत छापून आली. ते थिएटरमध्ये ठेवलेलं असावं.

पायातल्या ताकदीचं बोलू. पूर्वी यासाठी जांघेत ब्लॉक द्यायचे. दुखणं छान थांबायचं, पण मांडीचा पुढचा स्नायू ढिला पडायचा आणि रुग्ण उठता उठता गुडघ्यातून कोसळायचे. डेन्मार्कमध्ये २०१३ मध्ये निरोगी स्वयंसेवकांवर मोजमाप केलं तेव्हा जांघेतल्या ब्लॉकनं त्या स्नायूची ताकद ४९ टक्क्यांनी घटली, अडक्टर कॅनालच्या ब्लॉकनं फक्त ८ टक्क्यांनी. जागा थोडी खाली सरकवल्याचा एवढा फरक. तरीही पहिल्या दिवशी आईंनी एकटीनं उठायचं नाही. वॉकर समोर, फिजिओ किंवा सिस्टर शेजारी. 'काही दुखत नाहीये, जाते मी' असं म्हणून बाथरूमला निघालेले रुग्णच जास्त पडतात.

गुडघ्याच्या मागच्या बाजूला वेगळी सुई देऊन 'आयपॅक' नावाचा ब्लॉकही काही जण जोडतात. २०२१ च्या एका एकत्रित विश्लेषणात दिसलं की सर्जननी सांध्याभोवती औषध टोचलं असेल तर आयपॅकमुळं आणखी फायदा होत नाही. तुमच्या डॉक्टरांनी सुचवला तर हरकत घ्यायचं कारण नाही, नाही सुचवला तर मागू नका.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीबद्दल मात्र मी कडक आहे. तुमच्या पत्रात गोळीचं नाव नाही. स्टेंटवाल्यांना बऱ्याचदा अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकाच कॅप्सूलमध्ये मिळतं. नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर कमरेतली भूल देता येते. क्लोपिडोग्रेल असेल तर ते ५ ते ७ दिवस आधी थांबवावं लागतं, नाहीतर मणक्याजवळ रक्त साचण्याचा धोका असतो. घोळ असा होतो की घरचे कॅप्सूल बंद करतात आणि तिच्याबरोबर अ‍ॅस्पिरिनही बंद पडतं. स्टेंटला ते झेपेलच असं नाही. तेव्हा स्वतःहून काहीही बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांकडं जा, नुसता 'फिटनेस' आणू नका, कोणती गोळी कुठल्या तारखेला बंद, तिच्या जागी काय, आणि परत कधी सुरू, हे तारखांसकट लिहून आणा. मांडीतला ब्लॉक या बाबतीत कमरेतल्या सुईपेक्षा सोपा. रक्त आलंच तर वरून दाबून थांबवता येतं.

काकूंची कंबर. सुई टोचल्या जागी दोन-चार दिवस दुखू शकतं. कायमची कंबरदुखी त्या सुईनं लागते, याला आधार सापडलेला नाही. बाळंतपणात पाठीतून वेदनाशमन घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना इंग्लंडमध्ये करून २००२ मध्ये छापली होती, नंतरच्या कंबरदुखीत फरक नव्हता. साठीच्या पुढच्या ज्या बाईचा गुडघा झिजलाय तिचे मणकेही बहुधा झिजलेलेच असतात. एवढं सांगूनही आई पाठीतल्या सुईला नाहीच म्हणाल्या तर जबरदस्ती करू नका. पूर्ण भूल आणि त्यावर ब्लॉक, असंही हे ऑपरेशन रोज होतं.

आता भाऊराया. तो म्हणतो ते इंजेक्शन म्हणजे लायपोसोमल ब्युपिव्हॅकेन. ब्युपिव्हॅकेन हे नेहमीचंच बधिर करणारं औषध, पण चरबीच्या सूक्ष्म कणांत भरलेलं, सावकाश झिरपावं म्हणून. अमेरिकेत २०११ पासून मान्य आहे आणि चांगलंच महाग आहे. कल्पना सुरेख, निकाल बेताचे. ९ चाचण्यांमधल्या ६१९ रुग्णांचं एकत्रित विश्लेषण 'अ‍ॅनेस्थेसिऑलॉजी' या नियतकालिकात २०२१ च्या फेब्रुवारीत आलं. मज्जातंतूजवळ हे महाग औषध दिलं तरी साध्या ब्युपिव्हॅकेनपेक्षा रुग्णाला जाणवेल असा फायदा दिसला नाही. यावर उत्पादक कंपनीनं थेट ते नियतकालिक काढणाऱ्या संघटनेवर बदनामीचा खटला भरला. न्यायालयानं तो फेटाळला, अपिलातही फेटाळला गेला. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या ५३३ गुडघेबदल रुग्णांच्या चाचणीतही, सांध्याभोवती टोचलेल्या या औषधानं ना दुखणं कमी केलं ना बरं होणं लवकर झालं. भावाला हे वाचून दाखवा. तो कदाचित जानेवारी २०२५ मध्ये तिकडं मान्यता मिळालेल्या सुझेट्रिजिन या नव्या गोळीचंही नाव घेईल. ती अफूच्या जातीची नाही ही मोठी गोष्ट, पण तिच्या मुख्य चाचण्या पायाच्या अंगठ्याच्या आणि पोटाच्या शस्त्रक्रियांवर झाल्या, गुडघ्यावर नव्हे.

भावाला पैसे खर्चायचेच असतील तर पहिले पंधरा दिवस घरी येणाऱ्या फिजिओसाठी पाठव म्हणावं. गुडघा पुढं किती वाकणार हे व्यायाम ठरवतो, ब्लॉक फक्त पहिल्या दिवसाचा सोबती.

जाता जाता, तुम्ही विचारलं नाहीत तरी. ज्या ब्लॉकसाठी मी सगळ्यांच्या मागं लागते तो गुडघ्याचा नाहीच, खुब्याचा आहे. घरात म्हातारं माणूस पडून खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशनची वाट बघत दोन-दोन दिवस विव्हळत पडतं. कोक्रेनच्या २०२० च्या आढाव्यात, ४९ चाचण्या आणि ३,०६१ रुग्ण, ब्लॉकनंतर अर्ध्या तासात हालचालीचं दुखणं कमी झालं आणि म्हाताऱ्यांमध्ये होणाऱ्या भ्रमिष्टपणाचं प्रमाणही घटलं. असा प्रसंग घरात आला तर कॅज्युअल्टीतच विचारा, "ब्लॉक मिळेल का?" पुष्कळ ठिकाणी विचारल्याशिवाय मिळत नाही.

ऑपरेशननंतर तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. दुपारी कमरेतली भूल उतरल्यावर आईंना पाऊल वर-खाली हलवता आलं पाहिजे. मांडीतल्या ब्लॉकनं ते अडत नाही, म्हणून नाही हललं तर 'ब्लॉकमुळं असेल' असं समजून थांबू नका, लगेच सांगा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही पाय तसाच बधिर असेल तर भूलतज्ज्ञांना बोलवायला सांगा. आणि पोटरी सुजून घट्ट लागली, दम लागला, किंवा गोळ्या वेळेवर घेऊनही ठणका वाढतच गेला, तर रात्र आहे म्हणून सकाळची वाट बघू नका.

राहता राहिला बाबांचा बिलाचा मुद्दा. काही ठिकाणी ब्लॉक भुलीच्या खर्चातच धरलेला असतो, काही ठिकाणी वेगळा लावतात. अ‍ॅडमिट व्हायच्या आधी जे एस्टिमेट देतील त्यात ब्लॉकची ओळ आहे का बघा, नसेल तर लिहून घ्या, आणि विमा असेल तर तोच कागद मंजुरीसाठी पाठवा.